क्लच का घसरतो?

चंद्रपूर आणि गडचिरोली हे महाराष्ट्राच्या पूर्व टोकाचे वनप्रदेश. पूर्वी हा सारा मुलूख एकाच जिल्ह्यात मोडत असे; 26 ऑगस्ट 1982 रोजी गडचिरोली जिल्हा निराळा झाला. साग, बांबू आणि मोह यांच्या दाट रानांतून येथील वाटा जातात, आणि एका गावापासून दुसरे गाव पुष्कळदा दूर असते. बाजाराला धान्य न्यावयाचे असो, की आजारी माणसाला दवाखान्यात पोचवावयाचे असो, अशा ठिकाणी मोपेड मोठीच उपयोगी पडते. पण तीच भर रानात अडून बसली, तर जवळपास दुरुस्तीचे दुकान कोठून असणार? म्हणून तिचे एक नेहमीचे दुखणे आपण समजून घेऊ.

मोपेड म्हणजे इंजिन बसविलेली सायकलच. कायनेटिक इंजिनिअरिंग या महाराष्ट्रातील कंपनीने 1972 साली 'लूना' ही मोपेड बाजारात आणली. तिचे इंजिन अवघे 50 घन सेंटिमीटरचे होते, आणि पायडल मारून ते सुरू करीत असत. पुढे खेडोपाडी अशा गाड्या दिसू लागल्या.

पेट्रोलचे इंजिन एकदा सुरू झाले, की ते सतत फिरत राहावे लागते. चाक मात्र वारंवार थांबते. दोघांना कायमचे जखडून टाकले, तर गाडी थांबताच इंजिनही बंद पडेल. म्हणून त्यांना हवे तेव्हा जोडणारा आणि हवे तेव्हा सोडणारा एक मध्यस्थ लागतो. तोच क्लच होय. विजेची मोटर थांबलेल्या स्थितीतूनही जोर लावू शकते. त्यामुळे 2024 साली आलेल्या विजेवरच्या 'ई-लूना'ला अशा क्लचची गरज नाही.

मोपेडचा क्लच बहुधा आपोआप काम करतो. तो कसा, हे गोफणीवरून ध्यानात येईल. शेताची राखण करणारा गोफण गरगरा फिरवितो, तेव्हा तिच्यातील दगड बाहेर निसटू पाहतो. वेग जितका अधिक, तितकी त्याची ओढ अधिक. क्लचमध्येही एका गोल डब्याच्या, म्हणजे ड्रमच्या, आत दोन किंवा अधिक वक्र तुकडे असतात. त्यांना 'शू' म्हणतात. इंजिन हळू फिरत असता स्प्रिंगा त्यांना आत ओढून धरतात. मूठ पिळताच इंजिनाचा वेग वाढतो, शू बाहेर फाकतात आणि ड्रमला घट्ट भिडतात. मग शूबरोबर ड्रम फिरतो, आणि ड्रममुळे चाक फिरते. ही सारी करामत घर्षणाची आहे.

हे घर्षण कमी पडले, की क्लच घसरतो. त्याची खूण सोपी आहे. चढावर मूठ पिळावी, तर इंजिन मोठ्याने गुरगुरते. पण गाडीचा वेग वाढत नाही. कधी जळका वासही येतो. अशा वेळी मूठ अधिक पिळणे म्हणजे दुखणे वाढविणे होय. कारण घासटीने शू आणखी तापतात आणि झिजतात. चालकाने थांबावे, ओझे उतरवावे आणि गाडी थंड होऊ द्यावी.

मग कारण शोधावे. तेही सोप्यापासून अवघडाकडे जात. प्रथम मागचे चाक हाताने उचलून फिरवून पाहावे. ब्रेक चिकटून राहिला असेल, तर निर्दोष क्लचलाही दोष लागतो. पट्ट्याची गाडी असेल, तर पट्टा सैल झाला आहे काय, हे पाहावे. एवढे करूनही दोष राहिला, तरच इंजिन बंद करून क्लचचे झाकण उघडावे.

तेलकट हाताने बरणीचे झाकण उघडत नाही. तसेच कोरड्या क्लचच्या शूवर तेल आले, की पकड सुटते. तेल पुसून टाकणे पुरेसे नाही; ते ज्या सीलमधून झिरपते, ते सीलही बदलले पाहिजे. शू गुळगुळीत, चकचकीत झाले असतील, तर पॉलिश पेपरने हलकेच खरवडावेत. त्यांचे अस्तर झिजले असेल, तर सर्व शू एकदमच बदलावेत. स्प्रिंग तुटली किंवा ताणून लांबली, तर शू विनाकारण ड्रमला घासत राहतात; म्हणून स्प्रिंगाही एकदमच बदलाव्यात. आतली धूळ तोंडाने फुंकू नये. जुन्या अस्तरांत आरोग्याला घातक असे अ‍ॅस्बेस्टॉस असू शकते. ओल्या फडक्याने ती टिपून घ्यावी. काही गाड्यांचे क्लच तेलातच फिरतात. त्यांना पुस्तिकेत सांगितलेलेच तेल घालावे.

यंत्र मुके असते, पण खुणा करीत असते. त्या ओळखणारा माणूस संकट येण्यापूर्वीच सावध होतो. रानवाटेवर निघण्याआधी घटकाभर केलेली तपासणी एखाद्या रुग्णाला वेळेवर दवाखान्यात पोचवू शकते.

अभ्यास
1. क्लचला 'मध्यस्थ' का म्हटले आहे?
2. गोफण आणि क्लच यांतील साम्य स्पष्ट करा.
3. क्लच घसरत असता मूठ अधिक का पिळू नये?