फवारणीचे औषध आणि मुलांचे दात : संबंध आहे का?

यवतमाळ जिल्ह्यात २०१७ च्या हंगामात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन २० हून अधिक जण दगावले. तेव्हापासून फवारणी म्हटली की चर्चा होते ती जिवाची, डोळ्यांची, श्वासाची. दातांचा विषय निघत नाही. संशोधकांचे लक्ष मात्र तिकडेही आहे, आणि तेही मुख्यतः लहान मुलांच्या दातांकडे.

मुलांचेच का?

दातावरचे कडक आवरण, म्हणजे इनॅमल, एकदाच तयार होते. दुधाच्या दातांचे काम आईच्या पोटात सुरू होते, तर कायमच्या पहिल्या दाढेचे जन्माच्या सुमारास. इनॅमल घडवणाऱ्या पेशी दात वर येताना नष्ट होतात. त्यामुळे तेव्हा झालेला बिघाड शरीर दुरुस्त करू शकत नाही. तो दिसतो थेट सहाव्या-सातव्या वर्षी, दाढ उगवल्यावर.

पुरावा काय सांगतो?

इटलीत सेवेसोजवळच्या कारखान्यात १० जुलै १९७६ रोजी अपघात झाला. तिथे ट्रायक्लोरोफेनॉल बनायचे, जे तणनाशकांतही वापरले जाई. अपघातात डायॉक्सिन हवेत पसरले. सुमारे २५ वर्षांनी तिथल्या लोकांचे दात तपासले गेले. अपघातावेळी पाच वर्षांखालच्या असलेल्यांपैकी बाधित भागात ४२ टक्क्यांच्या, तर तुलनेसाठी घेतलेल्या भागात २६ टक्क्यांच्या इनॅमलमध्ये दोष आढळले. अर्थात ही माणसे जेमतेम ७५ होती, आणि डायॉक्सिन हे कीटकनाशक नव्हे. फ्रान्समध्ये विन्क्लोझोलिन या बुरशीनाशकाने उंदरांचे इनॅमल बिघडल्याचे दिसले. माणसांतला थेट पुरावा अजून तोकडाच आहे.

म्हणून दातावर डाग दिसला की फवारणीला दोष देऊ नका. यवतमाळमध्येच अनेक गावांच्या बोअरच्या पाण्यात फ्लोराइड जास्त आहे, आणि पिवळ्या-तपकिरी डागांमागे बहुधा तेच असते.

औषध तोंडात जाते कसे?

नोझल तुंबले की तोंडाने फुंकायची सवय अनेकांना आहे. त्याच हाताने खर्रा चोळला जातो. फवारणीचे कपडे घरच्या कपड्यांत धुतले जातात, रिकाम्या डब्यात पाणी भरले जाते. घरात गरोदर बाई किंवा तान्हे मूल असेल तर यातली एकही गोष्ट नको. नोझलसाठी जुना टूथब्रश पुरतो.

मुलाची नवी दाढ पांढरट-पिवळी दिसली किंवा गार पाण्याने ठणकली, तर दंतवैद्याला दाखवा. लवकर लेप किंवा सिमेंट भरले तर दाढ वाचू शकते.