हायपो आणि विहिरीचे पाणी

कृष्णधवल छायाचित्र घरच्या घरी कागदावर छापताना प्रतिमा उमटवणे त्या मानाने सोपे असते, ती टिकवणे मात्र अवघड. आणि सावंतवाडी तालुक्यातील इन्सुलीसारख्या दमट हवेच्या गावात तर या दुसऱ्या भागाकडेच अधिक लक्ष द्यावे लागते. या मुलुखाला ही कला तशी परकी नाही, कारण भाऊ दाजी लाड यांचे जन्मगाव मांद्रे तेरेखोल नदीपलीकडे पेडण्यात आहे आणि त्यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हे १८५४ साली स्थापन झालेल्या मुंबईच्या फोटोग्राफिक सोसायटीतील आरंभीच्या भारतीय छायाचित्रकारांपैकी एक होते. त्यांच्या काळी कागदावरील प्रतिमा बहुधा उन्हातच काळवंडून उमटे; डेव्हलपरने कागद धुण्याची रीत नंतर रुळली.

या कागदावर सिल्व्हर ब्रोमाइडचे सूक्ष्म कण असतात. एनलार्जरचा प्रकाश जिथे पडतो तिथे डोळ्यांना न दिसणारी सुप्त प्रतिमा तयार होते आणि डेव्हलपर त्या कणांचे काळ्या चांदीत रूपांतर करतो. त्यातील मेटॉल व हायड्रोक्विनोन प्रतिमा काढतात, सोडियम सल्फाइट त्यांना हवेने बिघडू देत नाही, सोडियम कार्बोनेट क्रियेला वेग देते आणि पोटॅशियम ब्रोमाइड पांढऱ्या भागावर काजळी धरू देत नाही. लाल दिव्याखाली ट्रे हलवत राहिले की कोऱ्या कागदावर आधी गडद सावल्या आणि मग चेहरा दिसू लागतो. २० अंश सेल्सिअसला याला दीडेक मिनिट लागते. वैशाखात पाणी ३० अंशांच्या आसपास जात असल्याने ट्रे बर्फाच्या पाण्यात ठेवणे श्रेयस्कर. मेटॉलने काहींच्या हातांना खाज सुटते, तेव्हा चिमटा वापरावा. त्यानंतर क्रिया थांबवणाऱ्या सौम्य ॲसिटिक आम्लासाठी पाणी घातलेला साधा व्हिनेगरही चालतो.

शेवटचा हायपो, म्हणजे सोडियम थायोसल्फेट, न वापरलेले सिल्व्हर ब्रोमाइड विरघळवतो. तो कागदात मुरून राहिला तर प्रतिमा पिवळी पडते, आणि कोकणातील पावसाळी दमटपणा हा ऱ्हास लवकर घडवतो. प्लॅस्टिकचा थर असलेला कागद चार मिनिटांत धुऊन निघतो, जुन्या धाटणीच्या जाड कागदाला मात्र वाहत्या पाण्यात तासभर लागतो. बहुतेक हौशी छायाचित्रकार कंटाळा करतात तो इथेच.

वापरलेल्या हायपोत चांदी उतरलेली असते, म्हणून तो परसात किंवा विहिरीच्या काठाला ओतू नये. झाकणाच्या कॅनमध्ये साठवून एक्स-रेच्या हायपोतून चांदी काढणाऱ्यांकडे द्यावा.