वर्ध्याच्या 07152 मधलं शून्य

सिंदी (रेल्वे) इथल्या एखाद्या कापूस व्यापाऱ्यासाठी पीएचपी भाषेत ग्राहकांची यादी करायची आहे, असं धरा. तिच्यात वर्ध्याचा एसटीडी कोड 07152 येतो. अवतरणचिन्हांत लिहिला तर तो मजकूर म्हणून जसाच्या तसा राहतो. पण पूर्णांक मागणाऱ्या फंक्शनकडे दिला, की सैल पद्धतीत, म्हणजे प्रकार जुळला नाही तर पीएचपी स्वतःच तो बदलून घेते तेव्हा, निमूटपणे 7152 होतो. शून्य गेलं, तक्रार नाही.

अवतरणचिन्हं विसरली तर आणखी पंचाईत. शून्याने सुरू होणारा आकडा पीएचपी अष्टमान पद्धतीने वाचते आणि हाती येतात 3690. फंक्शनने मजकूर मागितला असेल, तर सैल पद्धत या 3690 चाही मजकूर करून पुढे ढकलते. काटेकोर पद्धत तिथेच ‘टाइपएरर’ देऊन थांबवते.

सैल की काटेकोर, यावर पीएचपीकरांत मोठा वाद झाला. डिसेंबर 2015 मध्ये आलेल्या पीएचपी 7 ने निवड प्रत्येक फाइलवर सोपवली. सुरुवातीलाच ‘स्ट्रिक्ट टाइप्स’ घोषित केलं, की त्या फाइलमधून केलेल्या कॉलना कडक नियम लागतो. सूट एकच: दशांश संख्येच्या जागी पूर्णांक चालतो.

वेब फॉर्ममधून येणारं सगळं मजकूरच असतं, कापसाचं वजनसुद्धा. त्यामुळे कडक नियमात ते आधी स्वतः बदलून घ्यावं लागतं. ही कटकट मला हवीशी वाटते. क्विंटल दारातच तपासून आकड्यात आणावेत. एसटीडी कोड आणि पिनकोड मजकूरच ठेवावेत, त्यांची बेरीज कुणी करत नाही.