चप्पल, झेंडू आणि पितरांचं पान

गेल्या भाद्रपदात, सर्वपित्रीच्या आदल्या रात्री, ताईच्या मुलीने आम्हाला ‘कोको’ पाहायला बसवलं. ती नऊ वर्षांची आहे, चित्रपट तिने आधी दोनदा पाहिलेला. त्यामुळे पुढे काय होणार हे प्रत्येक प्रसंगाच्या आधीच आम्हाला कळत होतं. आई वाती वळत होती, तिचं निम्मं लक्ष दुसऱ्या दिवशीच्या स्वयंपाकाकडे. पडद्यावर मेक्सिकोतल्या एका घरात पायऱ्यापायऱ्यांची मांडणी दिसली. वर गेलेल्या माणसांचे फोटो, पुढे मेणबत्त्या, फळं, खाण्याचे पदार्थ, आणि झेंडूच्या पाकळ्यांची वाट. आईचे हात थांबले. “अगं, हे तर पितरांचं पान वाढलंय,” ती म्हणाली, आणि कापूस बाजूला ठेवून नीट बसली.

आईला मेक्सिको नकाशावर दाखवता येणार नाही. चित्रपट तर मेक्सिकोतही बनलेला नाही. तो कॅलिफोर्नियातल्या पिक्सार या अॅनिमेशन स्टुडिओचा. दिग्दर्शक ली अंक्रिच अमेरिकेतल्या ओहायोचे, चित्रपटातला हा मृतांचा सण लहानपणी त्यांच्या घरी कधी झालेला नाही. तरीही मेक्सिकोच्या प्रेक्षकांनी तो आपला मानला आणि माझ्या आईनेही. असं कशामुळे घडतं, हा प्रश्न मला त्या रात्रीपासून सोडत नाही. कारण परक्यांनी काढलेलं आपलं चित्र पाहून कानकोंडं होण्याचा अनुभव आपल्याला चांगला ठाऊक आहे. पगडी, हत्ती, गारुडी आणि विचित्र हेल काढून बोलणारा माणूस पडद्यावर आला की आपण ओळखतो, हे आपल्यासाठी बनवलेलंच नाही.

‘कोको’ची सुरुवातही अशीच वाईट झाली होती. २०१३ च्या मे महिन्यात पिक्सारची मालक असलेल्या डिस्नेने अमेरिकेत ‘दिआ दे लोस मुएर्तोस’ म्हणजे ‘मृतांचा दिवस’ या नावाचा ट्रेडमार्क मिळवण्यासाठी अर्ज केले. चित्रपटाशी जोडलेल्या वस्तू विकायच्या, म्हणून नाव राखून ठेवायचं, एवढाच त्यांचा हिशेब. पण हा १ आणि २ नोव्हेंबरचा सण. त्याची मुळं तिथल्या आदिवासी परंपरेत, त्यावर स्पॅनिश चर्चचं कलम, आणि २००८ पासून युनेस्कोच्या वारसायादीत त्याची नोंद. आपल्याकडे ‘गणेशोत्सव’ या शब्दावर एखाद्या कंपनीने मालकी सांगावी, तसंच हे. अमेरिकेतल्या मेक्सिकन कुटुंबांचा संताप उसळला, हजारो लोकांनी निषेधाच्या निवेदनावर सह्या केल्या. लालो अल्काराझ या व्यंगचित्रकाराने तर गॉडझिलासारखा शहरावर चाल करून येणारा, हाडांचा सापळा झालेला एक महाकाय उंदीर काढला. तो कोणता उंदीर, हे सांगावं लागलं नाही. काही दिवसांतच डिस्नेने अर्ज मागे घेतले.

पुढे जे झालं ते मला जास्त मोलाचं वाटतं. पिक्सारने याच अल्काराझना सल्लागार म्हणून बोलावलं. त्यांच्यासोबत नाटककार ऑक्टाव्हिओ सोलिस आणि मार्सेला डेव्हिसन आविलेस होत्या. कथा बाहेर फुटू नये म्हणून पिक्सार नेहमी कमालीची गुप्तता पाळते. इथे मात्र अर्धवट, कच्चा चित्रपट या लोकांना पुन्हा पुन्हा दाखवला गेला आणि त्यांना काय खटकतंय ते विचारलं गेलं.

तोपर्यंतची रीत उलटी होती. डिस्नेचाच १९९२ चा ‘अल्लादिन’ आठवतो का? त्याच्या पहिल्याच गाण्यात अरब देशाचं वर्णन करताना, चेहरा आवडला नाही तर कान कापणारा मुलूख, अशा अर्थाची ओळ होती. अरब-अमेरिकन संघटनेने आक्षेप घेतला, पुढच्या वर्षी व्हिडिओ कॅसेट आली तेव्हा ओळ बदलली. पण त्या मुलखाला रानटी म्हणणारा शब्द तसाच राहिला. आणि नायक-नायिका अस्सल अमेरिकन इंग्रजी बोलतात, बाजारातले दुष्ट लोक तेवढे अरबी हेलात, ही गोष्ट कुठल्या दुरुस्तीने बदलणार? पाच-सहा वर्षांच्या पोराच्या कानात वाईट माणसाचा आवाज कसा असतो ते तोवर बसलेलंही असतं.

‘कोको’मध्ये सल्लागारांनी सुचवलेल्या बदलांपैकी मला सगळ्यात आवडतो तो चपलेचा. चित्रपटाचा छोटा नायक मिगेल, त्याची आजी घराची कर्ती. संगीताचा सूर जरी कानावर आला तरी अंगावर धावून जाणारी. सुरुवातीच्या आराखड्यात तिच्या हातात लाकडी चमचा होता. सल्लागार म्हणाले, मेक्सिकन आजी चमचा नाही उगारत, पायातली चप्पल काढते. ‘चांकला’ हा शब्द तिथल्या प्रत्येक पोराला पाठीवरच्या वळासकट माहीत असतो. मग आजीच्या हातात चप्पल आली. शिवाय हे घराणं चांभारकाम करणारं, त्यामुळे ती कथेतही चपखल बसली. आपल्याकडे हाच प्रसंग रंगवताना कुणी आजीच्या हातात लाटण्याऐवजी काटाचमचा दिला असता, तर आपण काय म्हणालो असतो? चित्र कितीही देखणं असलं तरी त्या क्षणी घर परक्याचं झालं असतं.

बदल चपलेपाशी थांबला नाही, तो कथेच्या मुळाशी गेला. अंक्रिच यांची पहिली कल्पना अशी होती : आई गेलेला एक अमेरिकन मुलगा मेक्सिकोतल्या नातेवाइकांकडे जातो आणि दुःख मागे टाकायला, आईला निरोप द्यायला शिकतो. त्यावर बराच काळ काम झाल्यावर त्यांच्या लक्षात आलं की हा सण नेमका याच्या उलट सांगतो. गेलेल्या माणसाला सोडून द्यायचं नसतं. दरवर्षी बोलवायचं, वाढायचं, त्याच्या गोष्टी सांगायच्या. मग ती कथा मोडली आणि मेक्सिकोतल्या घरात वाढलेला मिगेल आला. ज्यांची आई मेक्सिकोची आहे असे एड्रियन मोलिना आधी पटकथेसाठी आणि मग सहदिग्दर्शक म्हणून पुढे आले. मिगेलची बोटं गिटारवर खरंच त्या-त्या सुराच्या जागी पडावीत, म्हणून वादकांच्या गिटारींवर कॅमेरे बसवून चित्रण केलं गेलं. सामान्य प्रेक्षकाला हे कळणार नाही असं वाटतं, पण ज्याच्या घरात गिटार आहे त्याला लगेच कळतं.

असंच एक उदाहरण आपल्या घरचं आहे. नव्वदच्या दशकात वाढलेल्या मुलांनी टीव्हीवर पुन्हा पुन्हा पाहिलेलं ‘रामायण : द लेजंड ऑफ प्रिन्स रामा’. १९९२ सालची ही भारत-जपान निर्मिती जपानच्या युगो साको यांच्या ध्यासातून झाली. सुरुवातीला त्यांच्या प्रकल्पाची बातमी चुकीच्या अर्थाने पसरली आणि परक्या माणसाने रामायणाला हात लावू नये, असा निषेध विश्व हिंदू परिषदेने नोंदवला. साको डगमगले नाहीत. भेटले, बोलले, समजावलं. सोबत मुंबईचे राम मोहन होते, फिल्म्स डिव्हिजनमध्ये घडलेले, भारतीय अॅनिमेशनचे जनक म्हणून ज्यांच्याकडे पाहिलं जातं ते. सुमारे ४५० कलाकार या कामावर होते. धोतर कसं नेसतात, लहान मुलं थोरांचा आशीर्वाद कशी घेतात, हे भारतीय चित्रकारांनी जपानी सहकाऱ्यांना समजावून दिलं. त्यातल्या रामाचे डोळे जपानी चित्रशैलीचे आहेत, पण तो वाकतो तो आपल्यासारखा. म्हणूनच २०२५ च्या जानेवारीत चित्रपट आपल्या थिएटरात आला, तेव्हा तिशी-पस्तिशीची माणसं आपली पोरं घेऊन गेली. जपानी राम असं तेव्हा कुणाच्या मनातही आलं नव्हतं.

मेक्सिकोत ‘कोको’ २७ ऑक्टोबर २०१७ रोजी लागला, अमेरिकेच्या जवळपास महिनाभर आधी आणि ऐन सणाच्या तोंडावर. ज्यांचा सण त्यांना पहिला मान, ही निव्वळ व्यापारी चाल म्हणून सोडून देता येते. मला त्यात रीतही दिसते. तीन आठवड्यांच्या आत तो मेक्सिकोच्या इतिहासातला तोवरचा सर्वाधिक कमाईचा चित्रपट ठरला. चीनमध्ये त्याने १८ कोटी डॉलरहून अधिक कमाई केली. छिंगमिंगच्या सणाला पूर्वजांच्या कबरी झाडणाऱ्या समाजाला त्याचा अर्थ वेगळा सांगावा लागला नसेल. ब्राझीलमध्ये मात्र नावच बदलावं लागलं. तिथल्या पोर्तुगीजमध्ये ‘कोको’सारखाच उच्चार असलेला शब्द लहान मुलांच्या शीला वापरतात, म्हणून चित्रपट झाला ‘व्हिवा’ आणि मिगेलची पणजी कोको झाली लुपिता. जगभरातली कमाई ८० कोटी डॉलरच्या वर गेली.

कौतुक एवढं असलं तरी काही गोष्टी सांगायलाच हव्यात. मेक्सिकोत जन्मलेल्या होर्हे गुतिएरेझ यांनी याच सणावर ‘द बुक ऑफ लाइफ’ २०१४ मध्येच केला होता. त्याच्या वाट्याला हे भाग्य आलं नाही. मोठ्या कंपनीकडे पैसा असतो, सल्लागार असतात, आणि सल्लागारांची नावं टीकेपुढे ढालीसारखी धरण्याची सोयही असते. शिवाय चित्रपट परंपरा नुसती दाखवत नाही, तो तिच्यात भर घालतो. ‘कोको’तले ते रंगीबेरंगी पंखांचे, शिंगांचे प्राणी, आलेब्रिहे, मृतात्म्यांचे वाटाडे म्हणून येतात. मुळात ही पेद्रो लिनारेस या मेक्सिको सिटीतल्या कारागिराची १९३० च्या दशकातली निर्मिती, तापात पाहिलेल्या स्वप्नातून आलेली. मृतांच्या सणाशी त्यांचं नातं चित्रपटाने जोडलं. त्याहून मोठा नमुना मेक्सिको सिटीतल्या भव्य मिरवणुकीचा. जेम्स बाँडच्या २०१५ च्या ‘स्पेक्टर’मध्ये ती दाखवली तेव्हा तशी मिरवणूक अस्तित्वातच नव्हती. २०१६ पासून ती खरोखर निघू लागली. आता तिथे वाढणारं मूल तिला पूर्वापारची मानेल, आणि त्याचं चुकेल असंही मला म्हणता येत नाही. सार्वजनिक उत्सवाचं रूप कसं बदलत जातं हे पुण्या-मुंबईच्या माणसाला सांगायला नको.

उत्तर युरोपातल्या सामी लोकांनी यातून पुढचं पाऊल टाकलं. २०१३ च्या ‘फ्रोझन’मध्ये त्यांच्या गायकीची छाया असलेला सूर होता, रेनडिअर होते, त्यांच्यासारखे कपडे होते, फक्त त्यांचं नाव नव्हतं. दुसऱ्या भागाच्या वेळी, २०१९ मध्ये, नॉर्वे, स्वीडन, फिनलंडमधल्या सामी संसदांनी आणि सामी परिषदेने डिस्नेशी लेखी करार केला. सामी जाणकार सल्लागार म्हणून बसले, आणि चित्रपट उत्तर सामी भाषेत डब झाला. काही हजार लोकांच्या भाषेत! आपली भाषा बोलणाऱ्यांची संख्या कोटींत आहे आणि आपली मुलं बहुतेक अॅनिमेशन हिंदीत किंवा इंग्रजीत पाहतात. माझ्या भाचीने मराठी बोलणारा एकही कार्टून राजपुत्र पाहिलेला नाही. मला हे लागतं.

आईच्या त्या वाक्याकडे परत येते. ‘पितरांचं पान’ म्हटल्याने मेक्सिको आमच्या दिवाणखान्यात आला, पण पुरता नाही आला. आपला पितृपक्ष दबक्या आवाजाचा. खरेदी नाही, मंगलकार्य नाही, पानावर पांढरी फुलं, तुळस, माका, आणि कावळ्याची वाट पाहणं. तिथे गाणं-बजावणं, रंगवलेले चेहरे, कबरीजवळ जागवलेली रात्र. याच्या जास्त जवळची गोव्यातली आणि वसईतली ख्रिस्ती कुटुंबं, जी २ नोव्हेंबरला आपल्या माणसांच्या कबरी झाडून फुलं आणि मेणबत्त्या ठेवतात. आणि झेंडू तर त्यांचाच. मूळचा मेक्सिकोचा, समुद्रमार्गे आपल्याकडे पोचलेला. तिकडे मृतांना घरची वाट दाखवतो, इकडे दसऱ्याला दाराचं तोरण होतो. आईला हे सांगितलं तेव्हा ती क्षणभर अविश्वासाने पाहत राहिली. “झेंडू बाहेरचा?”

चित्रपट संपला. ज्याचा फोटो कुणी मांडलेला नाही त्याला घरी येता येत नाही आणि ज्याची आठवण काढणारं कुणीच उरलं नाही तो पुरता नाहीसा होतो, या नियमाने भाची तिसऱ्यांदाही रडली. मग म्हणाली, “आजी, आपले फोटो कुठेत?” आईने बाबांनी श्राद्धासाठी लिहून ठेवलेली जुनी वही काढली. त्यात तीन पिढ्यांची नावं, पुरुषांची आणि त्यांच्याशेजारी बायकांची. बाबांच्या आजीचं नाव यमुना. तिचा फोटो नाही. कुणी काढलाच नाही. देव्हाऱ्यात पूर्वजांचे चांदीचे टाक आहेत, पण त्यांवरचे चेहरे पुसून पुसून सपाट झालेत.

भाचीने चित्रकलेची वही आणली. एक गोल काढला, अंबाडा काढला, कपाळावर मोठं कुंकू. मग पेन्सिल थांबली.

“नाक कसं होतं हिचं?”

आईने जरा विचार केला. “माझ्या सासूबाई सांगायच्या,” ती म्हणाली, “अपरं होतं. तुझ्यासारखं.”