पोटावरील टाका आणि त्याचा धागा

रायपूरच्या तेलीबांधा तलावाजवळ राहणाऱ्या एका मराठी कुटुंबात बाळ पाहावयास जाण्याचा योग आला. सून शस्त्रक्रियेने बाळंत झाली होती. पोटावरचे टाके काढावे लागणार नाहीत, धागा आपोआप विरघळेल, असे डॉक्टरांनी सांगितल्यापासून सासूबाईंना चैन नव्हते. "अहो, धागाच विरघळला, तर पोट धरील कोण?" असा त्यांचा प्रश्न होता. सून शिकलेली, पण खोकला आला की तिचाही हात पोटावर जाई.

वाचकहो, ही शंका हसण्यावारी नेण्याजोगी नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार छत्तीसगढमध्ये शंभरांपैकी सुमारे पंधरा आणि साऱ्या देशात सुमारे एकवीस प्रसूती अशा शस्त्रक्रियेने झाल्या. तेव्हा हा प्रश्न आज पुष्कळ घरांचा आहे.

वस्तुतः पोट धरतो तो त्वचेवरील टाका नव्हेच. गर्भाशय निराळे शिवलेले असते. त्यावर, स्नायूंना झाकणारे एक चिवट पांढरे आवरण असते. खोकल्याचा व उठण्याबसण्याचा ताण तेच सोसते आणि म्हणून ते मजबूत धाग्याने शिवतात. त्वचेच्या टाक्याचे काम एवढेच, की जखमेच्या कडा जुळेपर्यंत त्यांनी एकमेकींस सोडू नये.

शिवण्याची विद्या आपल्याकडे जुनीच. सुश्रुताने जखम शिवण्यासाठी जवस व तागाचे धागे, स्नायू आणि केससुद्धा सांगितले आहेत. मात्र गर्भाशय व्यवस्थित शिवण्याची पद्धत १८८२ मध्ये लाइप्त्सिगच्या माक्स झेंगर यांनी प्रसिद्ध केली. तोवर ते बहुधा न शिवताच सोडीत आणि पुष्कळ माता दगावत.

त्वचेसाठी आज अनेक धागे उपलब्ध आहेत. नायलॉन शरीरात विरघळत नाही. ते काढावे लागते. जनावरांच्या आतड्यापासून केलेले कॅटगट विरघळते खरे, पण किती दिवसांत, याचा नेम नसे. (नावात मांजर असले, तरी मांजराचा त्यात काही संबंध नाही!) कृत्रिम धाग्यांनी ही अडचण दूर केली. त्यांतील पॉलिग्लॅक्टिन अनेक तंतू विणून केलेले, तर पॉलिग्लेकॅप्रोन एकाच गुळगुळीत तंतूचे. पहिले सुमारे दोन ते अडीच महिन्यांत नाहीसे होते, दुसऱ्यास तीन ते चार महिने लागतात. धरण्याची शक्ती मात्र दोहोंचीही त्यापूर्वीच ओसरते. तोवर त्वचा जुळलेली असते. विणलेल्या धाग्याच्या फटींत जंतूंना आसरा मिळू शकतो, हा त्याचा दोष.

२०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात पाचशेवीस मातांच्या जखमा पाहण्यात आल्या. विणलेल्या धाग्याने शंभरांत सुमारे चौदा, तर एकतंतू धाग्याने सुमारे नऊ जणींस जखमेचा त्रास झाला. धातूच्या चिमट्यांनी शिवण लवकर होते. परंतु २०१४ च्या सातशेसेहेचाळीस मातांच्या अभ्यासात चिमटे लावलेल्यांपैकी शंभरांत सुमारे अकरा आणि धागा वापरलेल्यांपैकी पाच जणींस जखमेचा उपद्रव झाला. वाचलेल्या काही मिनिटांसाठी हे मोल मला फार वाटते.

धाग्याची निवड डॉक्टरच करतील. पण सून माहेरी दूरच्या गावी जाणार असेल, तर ते शस्त्रक्रियेपूर्वीच त्यांच्या कानी घालावे. टाके काढण्यासाठी ओल्या बाळंतिणीने पुन्हा प्रवास करावा, हे टाळता आले तर बरे. जखम लाल होऊन दुखू लागली, तीतून पाणी वा पू आला किंवा ताप भरला, तर मात्र वाट पाहू नये, मग धागा कोणताही असो.

हे सारे ऐकून सासूबाई सावरल्या. खोकताना पोटाशी उशी धरावी, म्हणजे दुखणे कमी जाणवते, हे तर त्यांना फारच पटले. मग हळूच म्हणाल्या, "आणि तेल-हळद?" मालीश अंगाला चालेल, परंतु डॉक्टरांनी सांगितल्याखेरीज जखमेवर तेल, हळद, राख काहीच नको, आणि शेगडीची धगही नको, असे मी सांगितले. उशाशी ठेवलेली हळदीची वाटी त्यांनी मुकाट्याने उचलली आणि स्वयंपाकघरात नेऊन ठेवली.