रुग्णालयातील हट्टी जिवाणू आणि आपले हात

भद्रावतीहून घरातील वडीलधाऱ्यांना चंद्रपूर, सेवाग्राम किंवा नागपूरच्या रुग्णालयात नेताना आपण जुनी कागदपत्रे, पांघरूण, डबा असे सारे आठवणीने घेतो. रुग्णालयातच जडू शकणाऱ्या संसर्गाचा विचार मात्र सहसा मनात नसतो.

क्लेब्सिएला, ॲसिनेटोबॅक्टर यांसारखे तेथील जिवाणू प्रतिजैविकांच्या सततच्या माऱ्यातून तावूनसुलाखून निघालेले असतात. मुंबईच्या हिंदुजा रुग्णालयातील डॉक्टरांनी २००९ मध्ये कार्बापेनेम या राखीव औषधांना न जुमानणाऱ्या जिवाणूंचे २४ नमुने तपासले. त्यांपैकी २२ मध्ये ‘एनडीएम-१’ हे जनुक आढळले. त्याच्या बळावर जिवाणू औषधाचा रेणूच फोडणारे विकर तयार करतो. शिवाय हे जनुक एका जातीच्या जिवाणूकडून दुसऱ्या जातीकडेही जाऊ शकते.

खाटेवरून खाटेवर हे जिवाणू बहुधा हातांवरूनच पोहोचतात. शेजारच्या रुग्णाची उशी नीट करून देणे हा आपल्याकडचा चांगुलपणा. तो जरूर जपावा, परंतु आधी आणि नंतर हात धुऊन.

लघवीच्या नळीविषयी थोडे अधिक सांगायला हवे. कपडे बदलण्याचा त्रास नको म्हणून ‘राहू द्या ना’ असे अनेकदा आपणच म्हणतो. नळी जितके दिवस राहते, तितका संसर्गाचा धोका वाढत जातो. म्हणून रोज विचारा, ‘डॉक्टरसाहेब, नळी आज काढता येईल का?’ पिशवी मूत्राशयाच्या पातळीखाली असावी, पण जमिनीला टेकू नये. नळी बरेच दिवस असलेल्या वृद्धांच्या लघवीत जिवाणू सापडणे नेहमीचेच. कोणतेही लक्षण नसताना केवळ तेवढ्यासाठी सहसा प्रतिजैविक लागत नाही. ताप, थंडी किंवा अचानक भ्रम दिसल्यास मात्र तत्काळ सांगा.

प्रतिजैविक सुरू करण्यापूर्वी कल्चरसाठी नमुना घेतला का, हेही नम्रपणे विचारावे. अहवाल यायला दोन-तीन दिवस लागतात. तोवर डॉक्टर अनुमानाने औषध देतात. नंतर ‘भारी’ इंजेक्शन थांबवून साधे औषध दिले, तर नातेवाईक हमखास रुसतात! वस्तुतः त्याच वेळी उपचार नेमका झालेला असतो.

घरी परतल्यावर तो अहवाल जपून ठेवा. पुन्हा भरती करण्याची वेळ आली, तर कागदपत्रांत तोच सर्वांत वर असू द्या. मागच्या वेळी जिवाणूंनी कोणत्या औषधांना दाद दिली नव्हती, हे नव्या डॉक्टरांना पहिल्याच दिवशी कळेल.