आशुमृतकपरीक्षा : कौटिल्याच्या एका पाठाचा विचार

कौटिलीय अर्थशास्त्राच्या चौथ्या अधिकरणास ‘कण्टकशोधन’ असें नांव आहे. त्याच्या सातव्या अध्यायांत आशुमृतकाची, म्हणजे अकस्मात् मेलेल्या मनुष्याच्या प्रेताची, परीक्षा सांगितली आहे. आपल्याकडील पोलिसांच्या दप्तरीं ‘अकस्मात मृत्यू’ हाच शब्द अद्याप चालतो, हें पाहून मौज वाटते. प्रस्तुत लेखांत त्या अध्यायांतील एका पदाचा पाठ ठरवावयाचा आहे. कारण कौटिल्याच्या काळीं प्रेत फाडून पाहत असत कीं नाहीं, हा प्रश्न कांहीं अंशीं त्या पदाच्या एका अक्षरावर येऊन ठेपतो.

प्रेतास तेल माखून मग तें पाहावें, अशी तेथें आज्ञा आहे. मलमूत्र बाहेर पडलेलें, हातपाय सुजलेले, डोळे उघडे व गळ्यावर खूण, असें दिसल्यास श्वास कोंडून मारलेला समजावा. त्यांतच बाहू व मांड्या आखडलेल्या असल्यास फांसानें मेलेला. जीभ चावलेली, डोळे ताठ व पोट फुगलेलें असल्यास बुडून मेलेला. हात, पाय, दांत व नखें काळसर आणि तोंडास फेंस असल्यास विषानें. दुसऱ्या रीतीनें मारून दंडाच्या भयानें मागाहून फांसाचा देखावा केलेला असूं शकतो, ही सूचनाहि आहे. ती किरकोळ नव्हे. काम किंवा क्रोध यांमुळें आत्मघात करणाऱ्याचें प्रेत दोरीनें राजमार्गावरून ओढवावें, त्याचे अंत्यसंस्कार होऊं देऊं नयेत, असें अध्यायाच्या शेवटीं सांगितलें आहे. परीक्षक चुकला तर खुनी सुटे, आणि ज्याचा खून झाला त्याचीच विटंबना होई.

आतां पाठ. विषानें मेलेल्याचा ‘भोजनशेष’ कशानें तपासावा, याविषयीं ‘पयोभिः’ व ‘वयोभिः’ असे दोन पाठ आहेत. म्हैसूरचे शामशास्त्री यांनीं १९०९ सालीं हा ग्रंथ प्रथम छापला. त्यांच्या १९१५ च्या इंग्रजी भाषांतरांत न पचलेला अन्नांश दुधांत घालून पाहावा, असा अर्थ आहे. तो घेतला म्हणजे पोटांतील अन्न बाहेर काढणें ओघानेंच आलें. मुंबई विद्यापीठानें १९६० सालीं प्रसिद्ध केलेल्या कंगले यांच्या आवृत्तींत ‘वयोभिः’, म्हणजे पक्ष्यांकडून, असा पाठ आहे.

माझ्या मतें ‘वयोभिः’ हाच खरा. पहिल्या अधिकरणांत राजानें जेवण्यापूर्वीं अग्नीस व पक्ष्यांस बलि द्यावा, असें कौटिल्य स्वतःच सांगतो. अन्न विषारी असेल तर ज्वाला व धूर निळे होतात, अग्नि तडतडतो आणि पक्षी मरतात. चकोराचे डोळे लाल होतात, हेंहि त्याच अधिकरणांत आहे. सुश्रुताच्या कल्पस्थानांत व वाग्भटाच्या अन्नरक्षाध्यायांत हीच अग्नि व पक्षी यांची जोडी भेटते. दुधाची कसोटी मला यांत कोठें आढळली नाहीं. तेव्हां ‘भोजनशेष’ म्हणजे ताटांत उरलेलें अन्न, असा सरळ अर्थ होतो.

पुढील वाक्य मात्र इतक्या सहज सुटत नाहीं. ‘हृदयांतून’ काढून अग्नींत टाकलेला अंश चिटचिट असा आवाज करील किंवा इंद्रधनुष्याचे रंग दाखवील, तर विष समजावें, असें तें आहे. येथें शामशास्त्र्यांनीं हृदय म्हणजे पोट घेतलें आहे. कांहीं झालें तरी शरीर उघडल्यावांचून हें होणार नाहीं, एवढें कबूल केलें पाहिजे. परंतु त्यास लागूनच, प्रेत जळून हृदय न जळलेलें दिसलें तरी विष जाणावें, असा पर्याय दिला आहे. म्हणजे चितेवरील प्रेतहि परीक्षकाच्या डोळ्यांपुढें होतें. यावरून विषाच्या संशयापुरतें शरीर उघडीत असावेत, इतकेंच मी म्हणेन. आजच्या अर्थानें शवविच्छेदन त्यास म्हणणें धाडसाचें होईल.

वैद्यांची रीत तर निराळीच होती. सुश्रुतानें शारीरस्थानांत सांगितलेलें शवशोधन शिक्षणासाठीं आहे. प्रेत गवतांत वेष्टून, पिंजऱ्यांत घालून वाहत्या पाण्यांत सात रात्रीं ठेवावयाचें व मग कुंच्यानें हळूहळू खरवडावयाचें. त्यासाठीं प्रेत विषानें मेलेल्याचें नसावें, अशी अट आहे. प्रदेष्ट्यास जें प्रेत सर्वांत आधीं पाहावयाचें, तेंच वैद्यानें वर्ज्य केलें!

ज्यांच्या संग्रहीं अन्नरक्षाध्यायाच्या जुन्या सटीक पोथ्या असतील त्यांनीं पक्ष्यांच्या लक्षणांचा भाग पडताळून पाहावा, व तेथें दुधाचा उल्लेख असल्यास पाठ आणि पोथीचा शक कळवावा, अशी विनंति आहे.